सिनेमॅटोग्राफ : एका फ्रेंच यंत्राची घडण आणि मराठी मूकपट

मराठी चित्रपटाच्या इतिहासाचा विचार करताना दोन घटनांचा उल्लेख अटळ ठरतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला, ही पहिली घटना. आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, ही दुसरी. या दोहोंच्या दरम्यान जवळजवळ सतरा वर्षे लोटली. ही सतरा वर्षे बहुधा प्रतिभेच्या प्रतीक्षेने भरून काढली जातात. फ्रान्सने कला आणून दिली, ती पेलणारा पुरुष मात्र पुढे यावयाचा होता, असा त्या मांडणीचा अध्याहृत अर्थ असतो. ही मांडणी रम्य आहे. परंतु तीत एक मोठी उणीव राहून जाते. १८९६ साली मुंबईस जे यंत्र आले ते कसे घडले होते, कोणाच्या मालकीचे होते आणि येथील मनुष्यास ते विकत मिळण्याजोगे होते काय, हे प्रश्न तीत विचारलेच जात नाहीत. वाङ्मयाच्या अभ्यासात मुद्रणयंत्राचा विचार आता उपरा मानला जात नाही. चित्रपटाच्या अभ्यासात मात्र कॅमेरा हा अद्याप पडद्यामागचा नोकर राहिला आहे. त्यास पुढे आणून त्याची साक्ष घेतली, तर मराठी मूकपटाच्या उगमाविषयीच्या काही रूढ समजुती तपासून पाहाव्या लागतात.

१

लिओं शहरातील ल्युमिएर कुटुंबाचा व्यवसाय छायाचित्रणाच्या काचा तयार करण्याचा होता. १८९४ च्या उत्तरार्धात आंत्वान ल्युमिएर यांनी पॅरिसमध्ये एडिसनचा किनेटोस्कोप पाहिला. त्या पेटीत डोळा लावून एका वेळी एकाच माणसाला हलते चित्र पाहता येई. हेच चित्र पेटीबाहेर काढून अनेकांना एकदम दाखविता यावे, ही आंत्वान यांच्या ऑग्यूस्त आणि लुई या पुत्रांपुढील समस्या होती. फीत अखंड सरकत राहिली तर पडद्यावर चित्र पुसट होते. चित्र स्पष्ट दिसावयाचे तर प्रत्येक चित्रापाशी फीत क्षणभर थांबली पाहिजे आणि मग झटकन पुढे गेली पाहिजे. लुई ल्युमिएर यांना याचे उत्तर शिवणयंत्रात सापडले. शिवणयंत्रात कापड असेच थांबत थांबत पुढे सरकते. त्याच धर्तीवर एका उत्केंद्री चाकाच्या साहाय्याने दोन दात खालीवर व मागेपुढे हलविले. हे दात फितीच्या कडेच्या छिद्रांत शिरतात, फीत एका चित्राइतकी खाली ओढतात, छिद्रांतून बाहेर पडतात आणि रिकामेच वर जातात. एकूण वेळाचा दोन तृतीयांश भाग फीत स्थिर राहते आणि उरलेल्या एक तृतीयांशात ती सरकते. सरकताना भिंगापुढे फिरती तबकडी येऊन प्रकाश अडविते. कारखान्यातील मुख्य यंत्रज्ञ शार्ल म्वासों यांनी पहिला नमुना तयार केला आणि १३ फेब्रुवारी १८९५ रोजी या यंत्राचे पेटंट नोंदविले गेले.

नमुना करणे निराळे आणि यंत्र विक्रीच्या तोडीचे करणे निराळे. २२ मार्च १८९५ रोजी पॅरिसमधील राष्ट्रीय उद्योग-प्रोत्साहन संस्थेत या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. तेथे झ्यूल कार्पांतिए हे अभियंते उपस्थित होते. विद्युन्मापनाची व इतर सूक्ष्म उपकरणे घडविण्याबद्दल त्यांच्या कारखान्याची ख्याती होती. त्यांनी हे यंत्र तयार करण्याची तयारी दर्शविली. त्यानंतरचे सबंध वर्ष कार्पांतिए व लुई ल्युमिएर यांच्यात पत्रव्यवहार चालला. दातांची गती हळुवार कशी व्हावी, छिद्रे फाटू नयेत म्हणून काय करावे, प्रत्येक सुटा भाग दुसऱ्या यंत्रात जसाच्या तसा कसा बसावा, असे प्रश्न त्यात सोडविले गेले. पहिली मागणी पंचवीस यंत्रांची होती. ती लवकरच दोनशेंवर गेली. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रां काफेमध्ये पैसे घेऊन जो पहिला खेळ झाला, त्याचे श्रेय इतिहास ल्युमिएर बंधूंना देतो आणि ते योग्यच आहे. तथापि शोध एकाचा, नमुना दुसऱ्याचा आणि उत्पादन तिसऱ्याचे, अशी या यंत्राची जातकुळी आहे. 'एका प्रतिभावंताचे अपत्य' हे वर्णन त्यास लागू पडत नाही.

या यंत्राचे तीन गुण चित्रपटाच्या दृष्टीने निर्णायक ठरले. पहिला गुण त्याच्या हलकेपणाचा. एडिसनचा चित्रग्राही कॅमेरा विजेवर चालणारा व अवजड असल्यामुळे जगालाच त्याच्यापुढे, म्हणजे एका काळ्या चित्रणगृहात, येऊन उभे राहावे लागे. ल्युमिएर यांची लाकडी पेटी सुमारे पाच किलो वजनाची होती आणि हाताने हँडल फिरवून चाले; तीच जगाकडे जाऊ शकत होती. दुसरा गुण असा की, एकच पेटी तिन्ही कामे करी. तिच्यात कोरी फीत भरली की ती कॅमेरा होई. निगेटिव्ह व कोरी फीत एकत्र घालून प्रकाशित भिंतीकडे रोखली की प्रत काढण्याचे यंत्र होई. आणि मागे दिवा ठेवला की प्रक्षेपक होई. तिसरा गुण तिच्या मर्यादेतून आला. पेटीत सतरा मीटर फीत मावे. सेकंदास दोन वेळा हँडल फिरविल्यास सोळा चित्रे होत आणि पन्नास सेकंदांच्या आसपास फीत संपे. म्हणून ल्युमिएरच्या प्रत्येक चित्राला एकच दृष्टी, एकच जागा आणि एकच घटना असे. या ऐक्याला पुढील समीक्षेने 'वास्तववाद' म्हटले. परंतु त्याचा पाया तत्त्वज्ञानात शोधण्यापूर्वी तो पेटीच्या मापात शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

२

मुंबईच्या खेळाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. मारिउस सेस्तिए हा ल्युमिएरांचा प्रतिनिधी ते यंत्र घेऊन आला. वॉटसन्स हॉटेलातील खेळात सहा चित्रे होती. त्यांत गाडीचे आगमन, समुद्रस्नान, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार आणि भिंत पाडणे यांचा समावेश होता. प्रवेशमूल्य एक रुपया होते. पुढील आठवड्यात, १४ जुलैपासून, हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले. त्यानंतर सेस्तिए ऑस्ट्रेलियास गेला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने तेथील मेलबर्न कपच्या घोड्यांच्या शर्यतीचे चित्रण केले. यंत्रही अर्थातच त्याच्याबरोबर गेले.

येथेच रूढ इतिहासाची गफलत होते. 'ल्युमिएरांनी सिनेमा मुंबईस आणला' हे विधान अर्धसत्य आहे. त्यांनी सिनेमा दाखविला. तो दिला नाही. आरंभीच्या काळात यंत्र न विकण्याचेच त्यांचे धोरण होते. प्रशिक्षित प्रतिनिधी यंत्र घेऊन देशोदेशी जात, खेळाच्या उत्पन्नात मालकांचा वाटा असे आणि यंत्राचे अंतरंग परक्याला दाखविण्याची मनाई असे. १८९७ साली यंत्राची खुली विक्री सुरू झाली, तेव्हा इंग्लंड व अमेरिकेतील कारागिरांनी आपापली यंत्रे बाजारात आणलेली होती. शिवाय ल्युमिएरांच्या फितीस प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंस एकेकच गोल छिद्र असे, तर एडिसनच्या फितीस प्रत्येक बाजूस चार चौकोनी छिद्रे असत. जगाने अखेर एडिसनची पद्धत स्वीकारली. जे यंत्र मुंबईकरांनी प्रथम पाहिले, त्याची भाषा अशा रीतीने थोड्याच वर्षांत बाजारात परकी झाली.

वॉटसन्स हॉटेलाच्या खेळाने प्रभावित झालेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांची हकीकत या संदर्भात पुन्हा वाचली पाहिजे. मुंबईत त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. पाहिले फ्रेंच यंत्र. परंतु मागविले इंग्लंडहून, रायली कंपनीचे, एकवीस गिनींना. १८९९ साली मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांच्या कुस्तीचे चित्रण त्यांनी याच यंत्राने केले आणि फीत धुण्यासाठी लंडनला पाठविली. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजची रँग्लर ही पदवी मिळवून परतलेल्या र. पु. परांजपे यांचे स्वागत त्यांनी टिपले. पाहणे फ्रान्सचे आणि घेणे इंग्लंडचे, या विसंगतीचे कारण सावेदादांच्या आवडीनिवडीत शोधण्याचे प्रयोजन नाही. ते ल्युमिएरांच्या विक्रीधोरणात व त्या काळच्या व्यापारी दळणवळणात सहज सापडते.

ही गोष्ट एकट्या मुंबईची नव्हे. पॅरिसमधील जादूगार जॉर्ज मेलिएस यांनी ग्रां काफेचा खेळ पाहून तेथल्या तेथेच यंत्र विकत मागितले आणि त्यांनाही नकार मिळाला. मेलिएस यांनी मग लंडनच्या रॉबर्ट पॉल यांचा प्रक्षेपक घेतला आणि त्यात फेरफार करून त्याचा कॅमेरा बनविला. पॅरिसच्या जादूगाराला आणि मुंबईच्या छायाचित्रकाराला एकाच दारावरून परत फिरावे लागले आणि दोघांनीही एकाच देशाचा रस्ता धरला. मराठी चित्रपटाच्या आरंभीची परावलंबिता हा निव्वळ वसाहतीचा शाप होता, असे ज्यांना वाटते त्यांनी या साम्याचा विचार करावा. वसाहतीचा भाग त्यात होताच. फीत धुण्यासाठीही ती समुद्रापार पाठवावी लागत होती. परंतु मक्तेदारीचा भागही त्यात होता आणि मक्तेदारीने स्वतःच्या देशबांधवांनाही सोडले नव्हते.

३

फाळके यांच्या संदर्भात ल्युमिएर आणि मेलिएस ही जोडी समीक्षेत वारंवार येते. ल्युमिएर म्हणजे वास्तव, मेलिएस म्हणजे अद्भुत. सावेदादा पहिल्या परंपरेचे, फाळके दुसऱ्या परंपरेचे, अशी सोपी वाटणी केली जाते. या वाटणीस आधार नाही असे नाही. फाळके स्वतः 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करीत असत आणि 'लंकादहन' (१९१७) किंवा 'कालिया मर्दन' (१९१९) यांतील चमत्कार मेलिएसची आठवण करून देतात. तथापि यंत्राच्या बाजूने पाहिले की ही भिंत ढासळू लागते. ल्युमिएरांचे 'भिंत पाडणे' हे चित्र खेळ करणारे लोक उलट्या दिशेनेही दाखवीत. पडलेली भिंत धूळ झटकून पुन्हा उभी राही. वास्तववाद्यांच्या त्याच पेटीत अद्भुत मुक्कामास होते. हँडल कोणत्या दिशेने फिरते एवढाच प्रश्न होता. उलटपक्षी, अद्भुताचे उपासक मानल्या गेलेल्या फाळक्यांनी आपल्या व्यवसायाचा आरंभ एका रोपाच्या वाढीच्या चित्रणाने केला. मधूनमधून एकेक चित्र घेत त्यांनी अंकुर फुटण्यापासूनची वाढ पडद्यावर सलग दाखविली. यास वास्तव म्हणावे की चमत्कार? निसर्गातील सत्य डोळ्याला दिसेल असे करण्यासाठी येथे कालाचा भास निर्माण करावा लागला आहे. त्यामुळे या दोन परंपरांचे द्वंद्व निरपेक्ष मानण्यापेक्षा एकाच यंत्रातील दोन शक्यता मानणे सयुक्तिक होईल.

फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा व फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन आले. कोऱ्या फितीला अंधारात छिद्रे पाडण्याच्या कामी सरस्वतीबाई फाळके यांनी हातभार लावला, ही हकीकत त्यांच्या चरित्रात कौतुकाने सांगितली जाते. कौतुकापलीकडे तिला तांत्रिक अर्थही आहे. छिद्रे समान अंतरावर नसतील तर दात चुकतात आणि पडद्यावरील चित्र थरथरते. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट होती. ल्युमिएरांची फीत सुमारे ५६ फूट. म्हणजे एका ल्युमिएर-चित्राच्या साठपटींहून अधिक लांबीची ही कृती फाळके यांच्या घरात हाताने तयार झाली. मराठी मूकपटाचे कर्तृत्व मोजावयाचे तर या मापानेही ते मोजले पाहिजे. आपल्या उद्योगाविषयी फाळके यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकातून लेख लिहिले. स्वतःच्या कलेच्या यांत्रिक बाजूविषयी इतक्या आपुलकीने व स्वभाषेत लिहिणारे निर्माते त्या पिढीत विरळा होत.

४

फ्रान्समधील यंत्रनिर्मिती ल्युमिएरांपाशी थांबली नाही. त्यांच्या पेटंटांचे हक्क पुढे पाथे कंपनीने घेतले आणि त्या तत्त्वावर कातडी मढविलेला, मागील बाजूस हँडल असलेला कॅमेरा तयार केला. तो अमेरिकेतही इतका रुजला की ग्रिफिथचे छायालेखक बिली बिट्झर यांनी 'द बर्थ ऑफ ए नेशन' (१९१५) त्यावरच घेतला. १९०८ साली देब्री कंपनीचा पार्व्हो आला. लॅटिनमध्ये 'पार्व्हुस' म्हणजे लहान. जोसेफ देब्री फितीला छिद्रे पाडण्याची यंत्रे करीत; त्यांचे पुत्र आंद्रे यांनी कॅमेऱ्याची रचना केली. इतर कॅमेऱ्यांच्या डोक्यावर फितीचे डबे शिंगांसारखे असत. पार्व्होत १२० मीटर फितीचे दोन्ही डबे भिंगाच्या उजव्या-डाव्या बाजूंस, पेटीच्या आतच बसविले होते. सतरा मीटरांवरून १२० मीटरांवर, म्हणजे पन्नास सेकंदांवरून सुमारे साडेसहा मिनिटांवर झालेली ही वाढ पेटीचा आटोपशीरपणा राखून साधली होती. प्रत्यक्ष फितीवर पडणारे चित्र पाहून भिंग जुळविण्याची सोयही त्यात होती. आबेल गांसच्या 'नेपोलियन'साठी (१९२७) तीन पार्व्हो एकत्र जोडण्यात आले. झिगा व्हेर्तोव्हच्या 'मॅन विथ ए मूव्ही कॅमेरा' (१९२९) या चित्रपटात जो कॅमेरा खांद्यावर घेऊन नायक शहरभर हिंडतो, तो पार्व्होच होय. ल्युमिएरांच्या पेटीतील फिरस्तेपणाचा गुण या वंशात टिकून राहिला.

५

या फ्रेंच वंशवृक्षासमोर कोल्हापूरचा प्रयोग ठेवून पाहणे उद्बोधक आहे. आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे रंगभूमीचे पडदे रंगविणारे चित्रकार. प्रक्षेपणाचे यंत्र त्यांच्या हाती आले होते. कॅमेरा मात्र नव्हता. तो स्वतःच तयार करावा असा त्यांनी ध्यास घेतला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. महायुद्धामुळे परदेशी माल मिळणे दुर्घट झाले होते. तशा स्थितीत बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० च्या फेब्रुवारीत 'सैरंध्री' पुण्याच्या आर्यन सिनेमात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

या कॅमेऱ्याचे वर्णन 'संपूर्ण स्वदेशी' या शब्दांत करण्याचा प्रघात आहे आणि त्यामागील अभिमान रास्त आहे. परंतु अभिमानाने विचाराची जागा घेऊ नये. प्रक्षेपक उघडून कॅमेऱ्याचे तत्त्व हाती लागणे शक्य का झाले? कारण दोहोंतही फीत थांबत थांबत ओढण्याचे कार्य एकच आहे. ल्युमिएरांची पेटी तर दोन्ही कामे करीत होती आणि मेलिएस यांनीही प्रक्षेपकाचाच कॅमेरा केला होता. म्हणजे कोल्हापूरच्या कारागिरांना जे साधले ते शून्यातून साधले नाही; एका सर्वत्र पसरलेल्या यांत्रिक तत्त्वाचे वाचन त्यांनी केले. याने त्यांचे यश उणे होत नाही, उलट नेमके होते. कार्पांतिए यांच्यापाशी सूक्ष्म उपकरणांचा नामांकित कारखाना होता, तरी त्यांना निर्दोष दातांसाठी महिनोन्महिने पत्रव्यवहार करावा लागला. प्रकाश आत शिरू न देणारी पेटी आणि केसाइतकीही न चुकणारी फितीची चाल, या दोन गोष्टी प्रक्षेपकात पाहून शिकता येत नाहीत. त्या घडवूनच शिकाव्या लागतात. खरे स्वदेशीपण कल्पनेच्या मालकीत नसून घडविण्याच्या या कौशल्यात आहे.

तथापि एक फरक दृष्टिआड करता येत नाही. कार्पांतिए यांनी यंत्र दोनशे वेळा घडविले. देब्री यांचा कारखाना पिढ्यांनुपिढ्या चालला. कोल्हापूरचा कॅमेरा ही एक कृती राहिली, तिचे उत्पादन झाले नाही. फ्रान्समध्ये यंत्र हा उद्योग झाला. महाराष्ट्रात तो पराक्रम झाला. पराक्रमाची गाथा होते, उद्योगाची परंपरा होते. मराठी चित्रपटाला गाथा मिळाली. कॅमेऱ्याच्या बाबतीत परंपरा मात्र निर्माण झाली नाही. जे उरले ते माणसांच्या हातांतून पुढे गेले. दामले व फत्तेलाल हे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून निघून १९२९ साली 'प्रभात'च्या संस्थापकांत सामील झाले आणि त्यांच्या 'संत तुकाराम'चा (१९३६) १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. त्या चित्रपटातील वैकुंठगमनाच्या विमानाची यांत्रिक सिद्धता पाहताना कोल्हापूरच्या कार्यशाळेचे स्मरण होणे अप्रस्तुत नाही.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. यंत्रावर एवढा भर दिल्याने कलावंताचे स्वातंत्र्य नाकारले जात नाही काय? एकाच बनावटीच्या कॅमेऱ्याने दोन व्यक्ती भिन्न चित्रपट काढतात, ही गोष्ट यंत्रवादी मीमांसेच्या विरुद्धच जाते. हा आक्षेप यथार्थ आहे आणि त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. यंत्र अर्थ ठरवीत नाही. ते शक्यतांचे कुंपण ठरविते. सतरा मीटर फितीत हरिश्चंद्राचे आख्यान मावत नाही. परंतु १२० मीटर फीत हाती आली म्हणून ते आपोआप सुचतही नाही. समीक्षेने कुंपण आणि त्याच्या आतील चाल या दोहोंची नोंद घेतली पाहिजे. केवळ चाल पाहणारी समीक्षा भाविक होते. केवळ कुंपण पाहणारी निर्जीव होते.

मराठी मूकपटाच्या बाबतीत या दृष्टीची निकड विशेष आहे, कारण प्रत्यक्ष चित्रपटच फार थोडे उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'चा केवळ काही भाग पाहावयास मिळतो. जुन्या फिती नायट्रेटच्या, म्हणजे जात्याच ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत अशा फिती मोठ्या संख्येने नष्ट झाल्या. कृती नाहीशी झाल्यावर तिच्याविषयीचे अनुमान दोनच आधारांवर उभे राहते : समकालीनांचे लेखन आणि ज्या साधनांनी ती कृती निर्माण झाली ती साधने. पहिल्या आधाराकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष गेले आहे; दुसऱ्याकडे अद्याप पुरेसे गेलेले नाही. पुण्यातील विद्यार्थ्याला तर हे दुर्लक्ष शोभणारे नाही. मांजरीसारख्या शहराच्या पूर्वेकडील टोकाहून निघाले तरी 'प्रभात'च्या जुन्या जागेवर १९६० पासून असलेली फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ साली स्थापन होऊन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेला चित्रपट-संग्रह, ही दोन्ही स्थळे दिवसाउजेडी पाहून परतता येते. फितीचा एखादा तुकडा हाती घेऊन त्याची छिद्रे मोजणे, प्रत्येक चित्राची उंची मापणे, एका सलग दृश्याची लांबी नोंदणे, ही कामे वाङ्मयीन संशोधनातील पाठचिकित्सेइतकीच निरलस आणि तितकीच फलदायी आहेत.

फ्रेंच पेटीने मुंबईला काही आठवड्यांत जे दाखविले, त्याची किंमत येथील माणसांनी पुढील दोन तपे घडवून, चुकून आणि पुन्हा घडवून चुकती केली. त्या श्रमांचा हिशेब मांडला जाईल तेव्हाच मराठी मूकपटाचा इतिहास चमत्कारकथेच्या कक्षेतून बाहेर पडून शास्त्राच्या कक्षेत येईल.